पंप उपाशी राहतो तेव्हां

सकाळीं आपल्या गल्लींत कचऱ्याची मोठी गाडी येते. तिचा चालक एक दांडा ओढतो आणि गाडीचें पोलादी तोंड मणांनीं मोजावा इतका कचरा एका दमांत दाबून आंत घेतें. न्हाव्याच्या दुकानांतील खुर्ची पायानें चार वेळां दाबली कीं गिऱ्हाइकासकट वर चढते. रस्ता खणणारें जें यंत्र आज लहान मुलेंसुद्धां जेसीबी या नांवानें ओळखतात, तें एका घासांत इतकी माती उचलतें कीं ती वाहून न्यावयास आठदहा मजूर लागावे. या तिन्ही ठिकाणीं शक्तीचें वहन करणारी वस्तु एकच आहे, आणि ती म्हणजे बंद नळींत कोंडलेलें तेल. त्या तेलाला हालविणारा जो अवयव, त्याला हायड्रॉलिक पंप म्हणतात. हा पंप नीट चालत असतां आपलें लक्ष त्याच्याकडे जात नाहीं. तो मंदावला म्हणजे मात्र कचरा गल्लींत राहतो, रस्ता उकरलेला राहतो आणि कारखान्यांत कोणावर तरी ठपका येतो. हा मंदपणा कोठून येतो व त्याचा शोध कसा घ्यावा, हें आज मी आपणांस सांगणार आहें.

कोंडलेल्या द्रवावर एका जागीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा सिद्धान्त फ्रान्समधील पास्कल यानें मांडला. त्याविषयींचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. या तत्त्वावर चालणारें दाबयंत्र इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें बनविलें व १७९५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. लहान दट्ट्यावर थोडा जोर द्यावा आणि त्याच्या शंभरपट क्षेत्रफळाच्या मोठ्या दट्ट्यावर शंभरपट जोर मिळवावा, अशी ही युक्ति. परंतु निसर्ग फुकट कांहींच देत नाहीं. मोठा दट्ट्या एक अंगुळ सरकावयाचा, तर लहान दट्ट्याला शंभर अंगुळें चालावें लागतें. म्हणजे जोराचें काम करावयाचें तर तेल पुष्कळ लोटलें पाहिजे. आणि तें सतत लोटीत राहण्याची जबाबदारी पंपाची.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंप दाब उत्पन्न करतो असें आपण म्हणतों. वस्तुतः पंप उत्पन्न करतो तो प्रवाह. बागेंतल्या रबरी नळीचें तोंड मोकळें असेल तर पाणी शांतपणें पायांशीं पडतें. त्याच तोंडावर अंगठा ठेवला कीं पाणी उसळून भिंतीपर्यंत जातें. नळ तोच, पाणी तेंच. दाब वाढला तो अंगठ्याच्या अडथळ्यानें. हायड्रॉलिक यंत्रांत हा अंगठा म्हणजे उचलावयाचें ओझें. म्हणून यंत्र बिघडलें असतां पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा कीं, तें मंद झालें आहे कीं दुबळें झालें आहे? ओझें उचलतें, पण सावकाश उचलतें, तर बहुधा प्रवाह कमी पडला आहे. रिकामें असतां चपळ हालतें, पण ओझें लागलें कीं थबकतें, तर तेल वाटेंत कोठें तरी चोरवाटेनें परत फिरत आहे. या एका प्रश्नाच्या उत्तरानें निम्मा शोध संपतो.

आतां पंपाची रचना पाहूं. सर्वांत साधा प्रकार म्हणजे दांतेरी चाकांचा पंप. घट्ट पेटींत दोन दांतेरी चाकें एकमेकांत दांत अडकवून फिरतात. हें वर्णन ऐकून आपणांस उसाच्या चरकाची आठवण होईल. परंतु येथें तेल दोन चाकांच्या मधून जात नाहीं. तें दांतांमधल्या खांचांत बसतें आणि पेटीच्या भिंतीच्या कडेनें फिरून पलीकडे पोंचतें. तेव्हां चरकापेक्षां विहिरीवरचा रहाट हीच उपमा अधिक योग्य. रहाटाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरलेलीं गाडगीं ठरलेलें पाणी वर आणतात, तसाच हा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरलेलें तेल पुढें टाकतो. एका फेऱ्याला २० घन सेंटिमीटर तेल टाकणारा पंप मिनिटाला १५०० फेरे फिरला, तर हिशेबानें मिनिटाला ३० लिटर तेल मिळावें. प्रत्यक्षांत थोडें तेल फटींतून मागें झिरपतें, म्हणून २७-२८ लिटर मिळालें तरी पंप निरोगी समजावा.

रहाटाचीं गाडगीं रिकामीं वर येऊं लागलीं, तर शहाणा शेतकरी काय करतो? तो रहाट मोडीत काढीत नाहीं. आधीं विहिरींत डोकावतो. कारखान्यांत मात्र आपण नेमके उलटे वागतों. प्रवाह कमी झाला कीं पंप खराब झाला असें ठरवून टाकतों आणि नव्या पंपाची मागणी पाठवितों. हा उतावळेपणा किती महाग पडतो, तें मी एका कारखान्यांत डोळ्यांनीं पाहिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतींतील लहानशा कारखान्यांतून मला बोलावणें आलें. तेथें पोलादी पत्र्यापासून ताटें व पराती दाबून काढीत. दाबयंत्र अधूनमधून मंदावत असे, आणि तेंही फक्त रात्रपाळींत. मालकांनीं पंप एकदां बदलला होता. दोनतीन महिने बरे गेले आणि पुन्हां तीच तक्रार सुरू झाली. रात्रपाळीचा कामगार वयानें पन्नाशीच्या पुढचा, अबोल गृहस्थ होता. यंत्र मंद झालें कीं तो तें बंद करी आणि मालकांना उठवून आणी. मालक येत, यंत्र चालू करीत, आणि यंत्र अगदीं सुरळीत चाले! असें चारपांच वेळां झाल्यावर मालकांनीं निष्कर्ष काढला कीं, हा मनुष्य झोपा काढतो आणि खापर यंत्रावर फोडतो. त्याचा पगार कापला गेला होता, आणि पुढच्या महिन्यांत त्याला कामावरून कमी करावयाचें ठरत आलें होतें.

मालक मला म्हणाले, "साहेब, माझ्यापुढें यंत्र कधींच मंद होत नाहीं. मी पाठ फिरवली कीं होतें. आतां तुम्हीच काय तें समजा."

मीं त्या कामगाराला विचारलें, "मंद होण्याआधीं कांहीं कळतें का तुम्हांला?"

तो म्हणाला, "आवाज बदलतो, साहेब. आधीं बारीक शीळ घातल्यासारखा येतो. मग खडे भरल्यासारखा वाजतो. मग यंत्राचा हात जड होतो."

या तीन वाक्यांत रोगाचें सगळें निदान होतें. तें कसें, हें समजण्यासाठीं आपणांस क्षणभर पंपाच्या आंत येणाऱ्या वाटेकडे वळलें पाहिजे.

पंप तेल ओढून घेतो असें आपण म्हणतों, परंतु द्रव पदार्थाला दोरीसारखें ओढतां येत नाहीं. पंप फिरतो तेव्हां त्याच्या तोंडाशीं दाब कमी होतो. टाकींतल्या तेलावर मात्र वरच्या हवेचा भार असतो. हा भार तेलाला नळींतून पंपाकडे ढकलतो. समुद्रसपाटीला तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम असतो. पाणी ओढणारा पंप सुमारें दहा मीटरांपेक्षां खोल विहिरींतून पाणी वर घेऊं शकत नाहीं, हा अनुभव गॅलिलिओनें आपल्या १६३८ सालच्या ग्रंथांत नोंदविला होता. त्याचें कारण त्याचा शिष्य टॉरिचेल्ली यानें १६४३ च्या सुमारास केलेल्या पाऱ्याच्या प्रयोगांतून स्पष्ट झालें. बाहेर पडणाऱ्या तेलावर पंप दोनदोनशें किलोग्रॅमांचा दाब सोसतो, पण आंत येणाऱ्या तेलाच्या पाठीशीं आहे तो हा एक किलोग्रॅमच. लेहसारख्या सुमारें साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणीं तर त्याचाही जेमतेम दोन-तृतीयांश उरतो. अर्थात् आंत येण्याच्या वाटेवरचा क्षुल्लक अडथळाही पंपाला उपाशी ठेवण्यास पुरेसा होतो. गाळणी तुंबणें, नळी दुमडणें, थंडींत तेल काकवीसारखें घट्ट होणें, टाकीच्या झांकणावरील श्वासाचें भोक बुजणें, यांपैकीं कोणतेंही एक कारण बस होतें. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलें तर तेल गुदमरत गुदमरत पडतें आणि दुसरें भोक पाडतांच धार सुरळीत होते, हें आपल्या घरांतील सर्वांना ठाऊक आहे. टाकीच्या झांकणावरचें भोक तें हें दुसरें भोक.

अशा उपाशी पंपाच्या तोंडाशीं दाब फारच उतरला कीं तेलांत विरघळलेली हवा सुटते आणि तेलाचीही थोडी वाफ होऊन बारीक बुडबुडे उठतात. हे बुडबुडे पुढें दाबाच्या बाजूला गेले कीं क्षणार्धांत चिरडले जातात. चुलीवर चहाचें आधण ठेवलें म्हणजे तें उकळण्यापूर्वीं गाऊं लागतें. तो आवाज तळाशीं उठून वरच्या थंड पाण्यांत विझणाऱ्या बुडबुड्यांचाच असतो. पातेल्यांत हें गाणें निरुपद्रवी असतें. पंपांत मात्र तें जीवघेणें ठरतें. बुडबुडा मिटतांना मधल्या बिंदूवर केवढा प्रचंड दाब उत्पन्न होतो, याचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं मांडून दाखविलें. ते असंख्य आघात पोलादाला देवीच्या वणांसारखे खड्डे पाडतात. इंग्रजींत या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात. त्या कामगाराला ऐकूं आलेली शीळ आणि खडे वाजल्याचा आवाज यांचा अर्थ हा होता.

आम्ही पंपाच्या तोंडाशीं, म्हणजे सक्शनच्या नळीवर, एक निर्वातमापक बसविला आणि यंत्र न थांबवितां चालू ठेवलें. पहिलीं दहा मिनिटें कांटा जागच्या जागीं होता. मग तो हळूहळू सरकूं लागला. बहुतेक पंपांना हवेच्या दाबाच्या सुमारें एक-पंचमांश इतकी उणीव सोसवते. येथें ती निम्म्याच्या पलीकडे गेली. पंप शीळ घालूं लागला आणि यंत्राचा हात जड झाला. मालक शेजारीं उभे होते. यंत्र बंद करून टाकीचें झांकण उघडलें, तेल उपसलें, आणि तळाशीं सांपडली वीतभर लांबीची एक चिंधी.

ही चिंधी तेलांत तरंगत असे. पंप चालूं लागला कीं प्रवाहाबरोबर ती सावकाश वाहत येऊन गाळणीवर बसे व तिचें तोंड झांकी. यंत्र बंद केलें कीं ओढ नाहींशी होऊन ती सुटून पडे. म्हणून मालक येऊन यंत्र सुरू करीत तेव्हां तें नेहमीं निर्दोष चाले. दिवसपाळींत साचे बदलण्यासाठीं यंत्र दर थोड्या वेळानें थांबे, त्यामुळें चिंधीला गाळणीपर्यंत पोंचावयास सवडच मिळत नसे. रात्रीं मोठ्या मागणीचा एकच माल तासन् तास निघे. आणि जो न थांबतां काम करीत होता, नेमक्या त्याच्यावरच आळसाचा आळ आला! चिंधी टाकींत आली कशी, तेंही कळलें. वर्षापूर्वीं तेल बदलतांना टाकी आंतून कापडानें पुसून घेतली होती. काढून ठेवलेला जुना पंप उघडून पाहिला, तर त्याच्या चाकांवर तेच खड्डे होते. आणि नव्या पंपावरही त्यांची सुरुवात झाली होती. मालक सज्जन होते. त्यांनीं कापलेला पगार त्याच आठवड्यांत परत केला. पण दोन पंपांची किंमत कोण परत करणार?

उपासाचें दुसरें एक रूप आहे. सक्शनच्या नळीचा सांधा सैल असला, तर तेथून तेल बाहेर गळत नाहीं, उलट हवा आंत शिरते. म्हणून हा दोष डोळ्यांना दिसत नाहीं. टाकींतलें तेल खालीं गेलें असलें, तरी भोंवरा होऊन हवा ओढली जाते. असें तेल ताकासारखें फेसाळ व पांढरट दिसतें आणि यंत्राचा हात झटके देत चालतो. संशयित सांध्यावर थोडें ग्रीस फांसावें. आवाज एकाएकीं उतरला तर चोर सांपडला. मात्र तेल पांढरट होण्याचें कारण पाणीही असूं शकतें. तेव्हां कांचेच्या पेल्यांत थोडें तेल घेऊन स्वस्थ ठेवावें. हवा असेल तर थोड्याच वेळांत तें तळापासून वर निवळत येतें. पाणी असेल तर तें लवकर निवळत नाहीं, आणि पुष्कळ वेळानें तळाशीं पाणी जमलेलें दिसतें. आपल्या कोंकणांतील पावसांत तेलाचें पिंप उघड्यावर उभें ठेवण्याची चाल आहे. पिंपाच्या माथ्यावर पाणी सांचतें. दिवसा पिंप तापतें, पावसाच्या सरीनें निवतें, आणि आंतली हवा आक्रसतांना बुचाच्या आट्यांतून तें पाणी आंत शोषलें जातें. पिंप आडवें व छपराखालीं ठेवणें, एवढाच त्यावर उपाय.

विहीर भरलेली आहे आणि तरीही गाडगीं रिकामीं येत असतील, तर मग रहाट फिरतो कसा तें पाहावें. विजेच्या मोटारीच्या तीन तारांपैकीं दोन तारांची अदलाबदल झाली कीं मोटर उलटी फिरते, आणि पंप तेल पुढें टाकीतच नाहीं. दुरुस्तीनंतर यंत्र चालेनासें झालें तर हें आधीं तपासावें. कधीं मोटर व पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगची चावी तुटते. मोटर घूं घूं करीत फिरते, पण पंपाचा दांडा जागचा हालत नाहीं.

तेंही ठीक असेल, तर चोरवाट शोधावी. प्रत्येक हायड्रॉलिक यंत्रांत एक रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे सुटकेची झडप असते. दाब मर्यादेबाहेर गेला कीं ती उघडते व तेलाला टाकींत परत वाट देते. प्रेशर कुकरच्या शिटीचेंच हें काम. या झडपेच्या बैठकीवर धातूचा एखादा कण अडकला, तर ती पुरी मिटत नाहीं. मग पंपानें मेहनतीनें लोटलेलें तेल कोणतेंही काम न करतां टाकींत परत जातें, आणि वांया गेलेली शक्ति उष्णतेच्या रूपानें उरते. म्हणून त्या झडपेची परतीची नळी इतर नळ्यांपेक्षां अधिक तापलेली आढळली, तर चोरवाट तीच समजावी.

इतकें सगळें पाहून झाल्यावरच पंपाकडे बोट दाखवावें, आणि तेंही मोजमाप करून. प्रवाहमापक जोडून आधीं ओझ्यावांचून प्रवाह मोजावा, मग पूर्ण दाबावर. मघाच्या उदाहरणांतला पंप ओझ्यावांचून २८ लिटर आणि दाबाखालीं २७ लिटर देत असेल, तर तो निर्दोष आहे. दाबाखालीं तोच आंकडा १८ वर आला, तर आंतल्या फटी रुंदावल्या आहेत आणि पंपाचें आयुष्य खरोखरीच सरलें आहे. या फटी मुळांत मीटरच्या दशलक्षांशांत मोजाव्या इतक्या बारीक असतात. माणसाचा केंस अशा सुमारें सत्तर भागांचा. त्याहून कितीतरी लहान, डोळ्यांना न दिसणारे कण तेलांतून फिरत राहून हें झिजविण्याचें काम करतात. पिंपांतून आलेलें कोरें तेलही पुरेसें स्वच्छ नसतें. तें गाळूनच टाकींत घालावें.

एक इशारा दिल्यावांचून मला थांबतां येणार नाहीं. नळीला सुईच्या टोंकाएवढें छिद्र पडलें असतां तें हातानें चांचपून पाहण्याचा मोह होतो. तसें कदापि करूं नये. त्या छिद्रांतून निघणारी धार कातडी भेदून तेल मांसांत घुसवते. जखम टांचणी टोंचल्याएवढी दिसते, पहिल्यानें दुखतही नाहीं. पण कांहीं तासांत शस्त्रक्रिया झाली नाहीं, तर बोट किंवा सबंध हात गमवावा लागतो. गळती शोधावयाची ती पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरून. तसेंच, कोणताही सांधा सोडण्यापूर्वीं ओझें जमिनीवर टेकवावें, मोटर बंद करावी आणि नळींतला दाब मोकळा करावा.

माझी वेळ संपत आली आहे. आपल्यापैकीं फार थोड्यांना स्वतःच्या हातानें हायड्रॉलिक पंप उघडण्याचा प्रसंग येईल. परंतु कारखान्याचे मालक, इमारतीच्या व्यवस्थेचे चिटणीस, नगरपालिकेचे सभासद या नात्यानें अशा यंत्रांवर पैसा खर्च करण्याचा व तीं चालविणाऱ्यांविषयीं निवाडा देण्याचा प्रसंग पुष्कळांना येतो. त्या वेळीं क्रम एवढाच लक्षांत ठेवावा. आधीं टाकी, मग गाळणी व नळी, मग मोटर, मग झडप, आणि पंप सर्वांत शेवटीं. आणि या सर्वांच्याही आधीं, जो मनुष्य त्या यंत्राशेजारीं रोज आठ तास उभा असतो, त्याला आवाज कसा येतो तें विचारावें.